चार वर्षांची बंदी म्हणजे प्रत्यक्षात किती वर्षं?

प्रश्न थोडक्यात असा होता: "ज्या रोड सायकलपटूला मी सहा-सात वर्षं फॉलो करतोय, तो डोपिंगमध्ये पॉझिटिव्ह निघाला. वय २९. तात्पुरतं निलंबन झालंय, संघाने बाजूला केलंय, द्रव्याचं नाव अजून बाहेर आलेलं नाही. कुणी म्हणतं दोन वर्षं, कुणी चार, कुणी म्हणतं करिअरच संपलं. मग स्पेनचा आलेहांद्रो वाल्वेर्दे बंदी भोगून आला आणि जगज्जेता झाला तो कसा? आणि नियम सगळ्यांना एकच असेल तर एकाला नऊ महिने आणि दुसऱ्याला चार वर्षं का?"

मी कुठल्या बाजूने बोलतोय ते आधी सांगून टाकतो. बारा वर्षं मी नमुने घेणारा अधिकारी होतो. शर्यत संपली की बाटल्या मांडून बसणारा, नाहीतर भल्या पहाटे घराची बेल वाजवणारा, तो माणूस. नंतर टेबलाच्या पलीकडे गेलो. आता पॉझिटिव्ह आलेल्या खेळाडूंना कागदपत्रं जुळवायला आणि बाजू मांडायला मदत करतो. त्यांच्यात सायकलवाले भरपूर असतात. त्यामुळे "तू त्यांचा माणूस आहेस" हे वाक्य मी दोन्ही बाजूंकडून ऐकलेलं आहे.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलंय: निकालपत्रावरचा आकडा म्हणजे शिक्षा. बातमीत तोच मथळ्यात असतो, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण करिअरचं काय होणार हे मला त्या आकड्यावरून फारसं कळत नाही. मी आधी दोन गोष्टी बघतो. घड्याळ कुठल्या तारखेपासून चालू धरलंय? आणि तो सुटेल तेव्हा त्याला दारात घ्यायला कोण उभं असेल?

घड्याळाचं उदाहरण स्पॅनिश सायकलपटू आल्बेर्तो कोन्तादोरचं घेऊ. २१ जुलै २०१०, टूर द फ्रान्समधला विश्रांतीचा दिवस. त्या दिवशीच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल सापडलं, मिलिलिटरमागे ५० पिकोग्रॅम. ऑगस्टच्या अखेरीस तात्पुरतं निलंबन. फेब्रुवारी २०११ मध्ये स्पॅनिश महासंघाने त्याला निर्दोष सोडलं आणि तो लगेच शर्यतीत उतरला, त्याच वर्षीची जिरो डिटालिया ही इटलीतली मोठी शर्यत जिंकलासुद्धा. यूसीआय (सायकलिंगचा जागतिक महासंघ) आणि वाडा (जागतिक डोपिंगविरोधी संस्था) दोघांनी अपील केलं. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाचा निकाल आला ६ फेब्रुवारी २०१२ ला: दोन वर्षं बंदी. पण ती मोजायची २५ जानेवारी २०११ पासून, आणि आधी भोगलेले पाच महिने १९ दिवस वजा करून. म्हणजे बंदी संपली ५ ऑगस्ट २०१२ ला. दुसऱ्याच दिवशी तो एनेको टूरमध्ये सायकलवर होता, आणि पुढच्या महिन्यात वुएल्टा ही स्पेनची मोठी शर्यत जिंकून मोकळा झाला.

आता बोटं मोजा. कागदावर दोन वर्षं. प्रत्यक्ष घरी बसणं एक वर्षाच्या थोडं आत, आणि पहिल्या पाच-साडेपाच महिन्यांतला मोठा भाग हिवाळ्याचा, जेव्हा पेलोटनमधले, म्हणजे शर्यतीच्या घोळक्यातले, बाकीचेही शर्यतीविनाच असतात. मग शिक्षा झाली कुठे? ती मागे झाली. २०१० ची टूर गेली, ती अँडी श्लेकच्या नावावर लागली. २०११ ची जिरो गेली, ती मिकेले स्कार्पोनीला मिळाली. जे जिंकून झालं होतं तेच पुसलं गेलं. पुढची वर्षं मात्र बरीचशी शाबूत राहिली.

वाल्वेर्देचं घड्याळ आणखी चमत्कारिक. २००६ मध्ये स्पॅनिश पोलिसांनी 'ऑपरेशन पुएर्तो' या कारवाईत डोपिंगसाठी साठवलेल्या रक्ताच्या पिशव्या पकडल्या. त्यातल्या १८ क्रमांकाच्या पिशवीवर 'वाल्व. (पिती)' असं लिहिलेलं. पिती हे वाल्वेर्देच्या कुत्र्याचं नाव असल्याची चर्चा तेव्हापासून होती, पण नुसत्या चर्चेच्या आधारावर कुणावर बंदी घालता येत नाही. २००८ ची टूर वाटेत इटलीत शिरली, तिथे इटालियन अधिकाऱ्यांनी त्याचं रक्त घेतलं आणि डीएनए त्या पिशवीशी जुळवला. २००९ मध्ये इटलीपुरती बंदी झाली. त्या वर्षीच्या टूरचा मार्ग थोडा इटलीतून जात होता म्हणून त्याला टूर सोडावी लागली, तर त्याने वुएल्टा जिंकली. ३१ मे २०१० ला लवादाने बंदी जगभर लागू केली आणि घड्याळ १ जानेवारी २०१० पासून लावलं. त्याआधीच्या निकालांना हात लावला नाही. वुएल्टा त्याच्याकडेच राहिली. २०१० च्या मोसमात जिंकलेली टूर द रोमँडी ही शर्यत मात्र गेली. बसून काढलेला काळ सुमारे १९ महिने.

हे सगळं ऐकून "म्हणजे पळवाटाच" असं म्हणायचा मोह होतो. मी तसं म्हणत नाही. खटला रेंगाळतो तो बऱ्याचदा खेळाडूमुळे नाही, म्हणून लवाद मागची तारीख धरतो. मात्र मागची तारीख धरली की मधले निकाल जातात. आजच्या नियमांतही हा तोल आहे: तात्पुरतं निलंबन पाळलंत तर ते दिवस वजा होतात, पाळलं नाहीत आणि शर्यती खेळत राहिलात तर वजाही होत नाहीत आणि निकालही राहत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिल्या फोनवर हेच सांगतो की निलंबन मान्य करायचं की लढायचं हा अभिमानाचा प्रश्न नाही, कॅलेंडरचा आहे.

आता नऊ महिने आणि चार वर्षं का, ते. २०१५ पर्यंत गंभीर प्रकरणाचा नेहमीचा आकडा दोन वर्षं होता, म्हणून कोन्तादोर, वाल्वेर्दे, बास्सो, मिलर या सगळ्यांच्या नावापुढे 'दोन' दिसतं. २०१५ च्या वाडा संहितेने तो चारवर नेला. तेव्हा जुन्यांची तुलना नव्यांशी करू नका, ही पहिली सूचना.

दुसरं, द्रव्य कोणतं. वाडाच्या बंदी असलेल्या द्रव्यांच्या यादीत ढोबळ दोन गट आहेत. ईपीओ (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं द्रव्य), ग्रोथ हार्मोन, स्टेरॉइड्स, क्लेनब्युटेरॉल ही 'नॉन-स्पेसिफाइड'. इथे चार वर्षांपासून सुरुवात होते, आणि हेतू नव्हता हे खेळाडूने सिद्ध करायचं. दम्याच्या औषधांपासून काही उत्तेजकांपर्यंतची 'स्पेसिफाइड'. इथे दोन वर्षांपासून सुरुवात, आणि हेतू होता हे समोरच्याने सिद्ध करायचं. ओझं कुणाच्या खांद्यावर आहे यानेच निम्मा निकाल लागतो. तुम्ही ज्या नऊ महिन्यांबद्दल विचारलंत ते बहुधा दिएगो उलिस्सीचे. २०१४ च्या जिरोत त्याच्या नमुन्यात साल्ब्युटामॉल मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट निघालं. हे इनहेलरमधलं औषध, ठराविक प्रमाणात चालतं, मर्यादा मिलिलिटरला १००० नॅनोग्रॅम. २०१५ च्या मार्चअखेर तो सुटला आणि त्याच मे महिन्यात जिरोचा एक टप्पा जिंकला. क्रिस फ्रूमचा २०१७ च्या वुएल्टातला आकडा २००० होता आणि त्याला शून्य महिने मिळाले. जुलै २०१८ मध्ये प्रकरण बंदच झालं. मधल्या काळात तात्पुरतं निलंबन सक्तीचं नव्हतं म्हणून तो जिरो खेळला आणि जिंकलाही. लोक आजही चिडतात. पण औषध शरीरात शिरल्यावर लघवीत किती उतरेल हे पाणी किती प्यालं, उष्णता किती होती, इतर औषधं कोणती यावर हलतं. त्याच्या वकिलांकडे ते मांडायला पैसा, कागद आणि माणसं होती. सगळ्यांकडे ती नसतात, हे मी नाकारणार नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर बातम्यांत एक ओळही नसते: द्रव्य शरीरात आलं कुठून. नियम असा आहे की तुमच्या शरीरात जे सापडेल त्याला तुम्ही जबाबदार. कुणी घातलं, कसं गेलं हे समोरच्याने दाखवायची गरज नाही. शिक्षा कमी करून हवी असेल तर वाट तुम्ही दाखवायची. "मी असं कधीच करणार नाही" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. खरं बोलणाऱ्याच्या आणि खोटं बोलणाऱ्याच्या तोंडून अगदी सारख्याच आवाजात. त्याला पुरावा म्हणून काही किंमत नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो: डबा कुठे आहे?

काही वर्षांपूर्वी एक २३ वर्षांचा मुलगा आला होता. बाराशे रुपयांची, किरकोळ वाटणारी अमिनो अॅसिडची पावडर घ्यायचा, तीच एकमेव गोष्ट. डबा अर्धा रिकामा, तळाला बॅच क्रमांक अर्धवट खरवडलेला. उघडा डबा तपासला तर त्यात ते द्रव्य सापडलं. पण उघड्या डब्यात कुणीही काहीही मिसळू शकतं, असा आक्षेप येणार हे ठरलेलं. आम्ही त्याच बॅचचा सीलबंद डबा शोधायला लागलो. बॅचचे शेवटचे दोन आकडे वाचता येत नव्हते. भिंगाखाली, तिरप्या उजेडात धरून, खरवडलेल्या जागी शाईचा दाब उमटलेला दिसला तेव्हा आकडा लागला. एका दुकानदाराच्या गोदामात जुन्या मालात दोन डबे निघाले. तेही दूषित.

तरी तेवढ्यावर भागलं नसतं. त्याला वाचवलं ते नमुन्याच्या दिवशीच्या कागदाने. नमुना देताना एक फॉर्म भरावा लागतो, त्यात मागच्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि सप्लिमेंट्स लिहायची असतात. मी अधिकारी असताना बघितलंय, शर्यत संपलेली असते, पोरगा घामाने निथळत असतो, तासभर पाणी पिऊनही ९० मिलिलिटर होत नसतात, बस सुटायची घाई असते. रकान्यापाशी आला की म्हणतो, "काही नाही, लिहा काही नाही." आणि सही करून जातो. या मुलाने मात्र पावडरीचं पूर्ण नाव लिहिलं होतं, स्पेलिंगच्या चुकीसकट. पॉझिटिव्ह यायच्या आधीच्या तारखेला, स्वतःच्या अक्षरात. दूषित उत्पादन सिद्ध झालं की समज देऊन सोडण्यापासून दोन वर्षांपर्यंत काहीही होऊ शकतं. त्याला आठ महिने झाले.

हे कोन्तादोरच्या शेजारी ठेवून बघा. तो म्हणाला खाल्लेल्या दूषित मांसातून आलं. लवादाला रक्त चढवण्याचा तर्कही पटला नाही आणि मांसाचाही नाही. दूषित सप्लिमेंटची शक्यता त्यांना त्यातल्या त्यात जास्त वाटली. पण कोणत्या सप्लिमेंटमधून, हे कुणी दाखवलंच नव्हतं. म्हणून पूर्ण दोन वर्षं. मुद्दाम केलं असं लवाद म्हणाला नाही आणि तरी सवलत मिळाली नाही. बाहेरून हे विसंगत दिसतं, आतून अगदी सुसंगत आहे.

चौथी गोष्ट कबुली. इथे माझी एक चूक सांगतो. ज्या प्रकरणात चार वर्षं किंवा जास्त मागितली जातात, तिथे आरोपपत्र मिळाल्यापासून २० दिवसांत गुन्हा आणि शिक्षा दोन्ही मान्य केली तर एक वर्ष कमी होतं. एका ३१ वर्षांच्या रायडरच्या प्रकरणात आम्ही 'बी' नमुना (त्याच वेळी राखून ठेवलेला दुसरा नमुना) उघडायचा, तज्ज्ञाचं मत घ्यायचं असं ठरवलं आणि उत्तरासाठी मुदतवाढ मागितली. ती मिळाली. मी धरून चाललो की सगळ्याच मुदती पुढे गेल्या. गेल्या नव्हत्या. २० दिवस उलटल्यावर 'बी' नमुनाही तोच निघाला आणि तो म्हणाला, "चला, मान्य करून टाकू." तोवर ते वर्ष हातचं गेलं होतं. ३१ व्या वर्षी एक वर्ष म्हणजे काय हे मला त्याच्यापेक्षा जास्त कुणी समजावलेलं नाही. तेव्हापासून आरोपपत्र आलं की मी भिंतीवर लाल पेनाने विसावा दिवस लिहितो.

याउलट जे शेवटपर्यंत लढतात त्यांचा हिशेबही बघावा. फ्लॉइड लँडिस २००६ ची टूर जिंकून टेस्टोस्टेरॉनसाठी पॉझिटिव्ह निघाला, दोन वर्षं लढला, २००८ मध्ये लवादाकडे हरला आणि वर एक लाख डॉलर खर्च भरायचा आदेश झाला. २०१० मध्ये त्याने सगळं कबूल केलं. लढू नये असं मी म्हणत नाही. पण आपण नक्की कशासाठी लढतोय हे पहिल्या आठवड्यात स्वतःशी खरं बोलून ठरवावं लागतं.

बंदीच्या काळात जगणं कसं असतं, यावर फार कमी लिहिलं जातं. सायकलपटूला एक दिलासा आहे, रस्ता कुणी बंद करत नाही. फुटबॉलपटूला मैदान लागतं, संघ लागतो. हा एकटा निघून सहा तास चालवून येऊ शकतो. पण संघाच्या शिबिराला जाता येत नाही. महासंघाच्या मान्यतेची हौशी शर्यतसुद्धा चालत नाही, आणि फक्त खेळायलाच बंदी आहे असंही नाही. कुठल्याही नात्याने भाग घ्यायचा नाही. फीड झोनमध्ये (शर्यतीत खाणंपिणं देण्याच्या जागी) उभं राहून मित्राला पाण्याची बाटली द्यायची म्हटली तरी मी "नको" म्हणतो. चूक झाली तर मूळ बंदीइतकीच बंदी शेवटाला पुन्हा जोडली जाऊ शकते. संघाबरोबर सराव सुरू करता येतो तो शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा पाव हिस्सा, यातला जो लहान असेल त्या काळात. चार वर्षांच्या बंदीत म्हणजे दोनच महिने.

आणि चाचण्या थांबत नाहीत. शर्यत नाही, पगार नाही, पण रोज कुठल्या ६० मिनिटांत आपण कुठे सापडू ते कळवत राहायचं. "निवृत्त होतो, मग परत येतो" ही युक्तीही चालत नाही. बंदीत निवृत्त झालात तर परतताना सहा महिने आधी कळवून चाचण्यांना उपलब्ध व्हावं लागतं, आणि बंदी त्याहून जास्त शिल्लक असेल तर तेवढा काळ.

शरीराचं विचाराल तर वॅट्स, म्हणजे पायातली ताकद, परत येतात. हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. घरच्या चढावर वेळ तीच लागते, कधी कधी चांगलीसुद्धा, कारण दोन वर्षं शर्यतींची झीज नाही. येत नाही ते घोळक्यात राहणं. १७० माणसांत खांद्याला खांदा लावून ताशी ६० ने वळण घेताना आपली जागा न सोडणं. एकाने मला सांगितलं होतं, "आता मला ब्रेकचा आवाज आधी ऐकू येतो." आधी त्याला तो ऐकूच येत नसे. वाल्वेर्दे यातही अपवाद ठरला. जानेवारी २०१२ मध्ये सुटला आणि तीन आठवड्यांच्या आत टूर डाउन अंडरमध्ये विलुंगाच्या चढावर जिंकला. त्याच्यावरून नियम काढू नये. डच सायकलपटू थॉमस डेकर २४-२५ व्या वर्षी दोन वर्षं बाहेर बसला. नावाजलेला होता, परत वरच्या संघात आलाही, पण ज्या वयात मोठ्या शर्यतींत शिकायचं ते वय निघून गेलं होतं. २०१५ मध्ये तासाच्या विक्रमाचा (एका तासात जास्तीत जास्त अंतर कापायचा) प्रयत्न केला, ५२.२२१ किलोमीटर झाले, विक्रम ५२.४९१ चा होता. मग निवृत्ती.

आता दार. वाल्वेर्दे जिथून गेला तिथेच परतला. संघाचं प्रायोजक नाव बदलून मोविस्टार झालं होतं, चालवणारी माणसं तीच होती. २०१८ मध्ये इन्सब्रुकला तो ३८ व्या वर्षी जगज्जेता झाला ते या पायावर. इव्हान बास्सोला बंदी संपायच्या आधीच लिक्विगास संघाने करारबद्ध केलं, २०१० ची जिरो त्याने त्याच संघातून जिंकली. डेव्हिड मिलरचं प्रकरण वेगळं. २००४ मध्ये त्याला पोलिसांनी रात्रीच्या जेवणावरून उचललं, घरात ईपीओच्या वापरलेल्या सिरिंज सापडल्या, २००३ चं टाइम ट्रायलचं (एकट्याने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीचं) विश्वविजेतेपद गेलं, संघाने काढून टाकलं. त्याने सगळं कबूल केलं, उघडपणे डोपिंगविरोधात बोलायला लागला, आणि पुढे ज्या संघात गेला त्या संघाची ओळखच स्वच्छ सायकलिंगची होती. त्याची कबुली हेच त्याचं परतीचं तिकीट ठरलं. हे मी टोमण्याने म्हणत नाही.

उलट मायकेल रासमुसेन. २५ जुलै २००७ ला ओबिस्कच्या चढावर टप्पा जिंकला, टूरमधल्या आघाडीची पिवळी जर्सी अंगावर, टूर जवळजवळ खिशात. त्याच रात्री संघाने घरी पाठवलं. एकही नमुना पॉझिटिव्ह नव्हता. कुठे आहे याबद्दल खोटं बोलला होता, मेक्सिकोत आहे म्हणाला आणि दिसला इटलीत. दोन वर्षं बंदी, म्हणजे बास्सोइतकीच. पण पुन्हा कुठल्याही मोठ्या संघाने त्याला घेतलं नाही.

बंदीच नसली तरी काय होतं, हे नैरो किंतानाने दाखवलं. २०२२ च्या टूरमध्ये त्याच्या नमुन्यात ट्रामाडॉल हे वेदनाशामक सापडलं. तेव्हा ते वाडाच्या यादीत बंदी असलेलं द्रव्य नव्हतं, यूसीआयच्या वैद्यकीय नियमाचा भंग होता. टूरमधलं सहावं स्थान गेलं, निलंबन एका दिवसाचंही नाही. तरी करार संपला आणि २०२३ चा अख्खा मोसम त्याला मोठ्या संघाविना काढावा लागला. शून्य दिवसांची बंदी, एक वर्षाची शिक्षा. परत घेतलं ते मोविस्टारनेच, त्याच्या जुन्या संघाने.

संघ का कचरतात त्याची कारणं भावनेपेक्षा व्यवहाराची आहेत. प्रायोजकाला नाव हवं असतं, बातमी नको असते. एमपीसीसी नावाची संघांची स्वेच्छा संघटना २००७ पासून आहे. तिच्या सदस्यांनी सहा महिन्यांहून मोठी बंदी भोगलेल्याला पुढची दोन वर्षं न घेण्याचं मान्य केलेलं असतं. एके काळी यूसीआयचाही नियम होता की दोन वर्षांची बंदी भोगून आलेल्याचे गुण पुढची दोन वर्षं संघाच्या खात्यात धरायचे नाहीत. कोन्तादोर परतला तेव्हा त्याच्या संघाला परवान्यासाठी हीच अडचण आली. तो जिंकत होता, संघाला गुण मिळत नव्हते.

एक बाजू राहिली, तिच्यावर मी थोडक्यात बोलतो कारण मी डॉक्टर नाही. १९९९ मध्ये मार्को पांतानीला जिरो हातात आलेली असताना हेमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) ५० च्या मर्यादेऐवजी ५२ भरल्यामुळे शर्यतीबाहेर काढलं. नियमाने ती फक्त १५ दिवसांची, आरोग्याच्या कारणाची सक्तीची विश्रांती होती. तो त्यातून मनाने कधी बाहेर आला नाही, २००४ मध्ये ३४ व्या वर्षी गेला. आणि रिकार्दो रिक्को २० महिने भोगून परतला, पुन्हा त्याच वाटेने गेला. २०११ मध्ये फ्रीजमध्ये ठेवलेलं स्वतःचं रक्त चढवून रुग्णालयात पोचला, मग १२ वर्षं बंदी. त्यामुळे कुणी नवा माझ्याकडे आला की त्याच्या फोनमध्ये रोज बोलायला कोण आहे हे मी विचारतो. उत्तर 'माझा एजंट' असं असेल तर काळजी वाटते.

आता तुमचा रायडर. वय २९, तात्पुरतं निलंबन लागलंय, संघ बाजूला. निलंबन सक्तीचं असेल तर द्रव्य बहुधा जड गटातलं, म्हणजे मोजणी चारपासून. निलंबनाचे दिवस वजा होतील, म्हणून त्या पत्राची तारीख शोधून ठेवा, निकालाची नाही. २० दिवसांत मान्य केलं तर तीन वर्षं, म्हणजे ३२ व्या वर्षी सुटका. डबा सापडला तर दोन किंवा त्याहून कमी, म्हणजे ३०-३१. काहीच न करता लढून हरला तर ३३. यातल्या ३३ वाल्यांपैकी वरच्या श्रेणीत परतलेला मी स्वतः हाताळलेला एकही नाही. ३१ वाले दोन आहेत, दोघेही दुसऱ्या श्रेणीच्या संघात, दोघांनाही जुन्या संघातल्या एखाद्या क्रीडा संचालकाने ओळखीवर बोलावलं.

म्हणून पुढच्या बातमीत बंदीच्या आकड्याखालची ओळ वाचा. संघाने "करार रद्द" म्हटलंय की "करार स्थगित"? तुमच्या रायडरबाबत आज मला एवढं एकच कळलं तर मी बाकीचा अंदाज बांधू शकेन.